चाळीस सेंटीमीटर

ओहोटी साडेनऊची. आम्ही नऊलाच उतरलो,
टेप, बॅटरी, दोन हेल्मेटं आणि एक फॉर्म,
ज्यात कुठल्याही गोष्टीला एकच ओळ मिळते.

जेजू बेटाच्या दक्षिण टोकाला, काळ्या कड्याच्या पायथ्याशी
ही भुयारं, समुद्राकडे आ वासून.
पंचेचाळीस साली इथे बोटी लपवायच्या होत्या,
स्फोटकं भरलेल्या, परत न यायच्या.
त्या आल्याच नाहीत. युद्ध आधी संपलं.
भोकं राहिली.

आता ती वारसा आहेत.
म्हणजे लाकडी जिना झाला, पाटी झाली,
आणि वर्षातून एकदा मला पाठवतात
लांबी तेवढीच आहे ना, पाहून यायला,
जणू भुयार रात्रीतून उठून जाईल.

सात नंबरात म्हातारी आधीच बसलेली.
बू मल्-सुन. वय विचारलं तर म्हणाली,
हे खणत होते तेव्हा मी पाठीवरून पाणी वाहायची, एवढीशी.
रबरी सूट कमरेपर्यंत सोललेला.
जाळीत चार शंख
आणि मरायचं की नाही हे अजून न ठरवलेला एक ऑक्टोपस.

आत यायला बंदी आहे, आजी.
वाचता येत नाही गं,
ती म्हणाली, पाटी पूर्ण वाचून.

मी बॅटरी वर फिरवली. छत काळं कुळकुळीत.
फॉर्म म्हणतो: काजळी, नंतरची, काढून टाकावी.
नंतरची कशी? तिने विचारलं.
तीस हिवाळे आम्ही इथे शेकोटी केली.
पाण्यातून वर आलं की ओठ निळे,
आधी छातीतून शीळ सुटते, शब्द मागाहून येतात.
माझ्या नणंदेला कळा इथेच सुरू झाल्या,
तू उभी आहेस तिथे.
त्यांचे चार महिने, आमचे तीस हिवाळे.
तुझ्या कागदात मूळ कुठलं?

मी टेपचं टोक तिच्या हातात दिलं.
सोबतचा मुलगा बाहेर सिगारेट ओढत होता.
ती तोंडाशी, मी मागे मागे जात
पाठ ओल्या दगडाला टेकेपर्यंत.

एकोणीस मीटर साठ.
नौदलाच्या नकाशात वीस.
पुन्हा धरलं. एकोणीस साठ.

ती हसली ते आतपर्यंत ऐकू आलं.
माझा बाप, ती म्हणाली.
मापाची काठी त्याच्याकडे असायची, एक वाव लांब.
पहिल्याच रात्री त्याने ती दगडावर घासली. दोन बोटं.
अकरा काठ्यांचं भुयार. कर हिशेब.

तेवढाच वाव मिळाला त्याला.
हजेरीच्या वहीत त्याचं नाव जपानी होतं,
घरात कुणाला धड उच्चारता यायचं नाही.
काठीवर नाव नव्हतं.

पण त्याने झालं काय? मी विचारलं.
काय व्हायचंय?
थोडे घाव कमी मारावे लागले लोकांना.
आणि तो रात्री तोंडात कांबळं धरून हसायचा.
आईला वाटायचं खोकतोय,
ती मुळ्याचा काढा करायची. त्याला मुळा आवडत नसे.

मी मागच्या भिंतीला हात लावला.
कुदळीच्या खुणा, आणि त्यांच्यापुढे
जो खणलाच गेला नाही तो दगड,
हातभरही नाही.
गार होता. बाकीच्या दगडासारखाच.

फॉर्मवर: फरक. चाळीस सेंमी.
कारण (एकावर खूण करा):
झीज. पडझड. मोजणीतील चूक.

मोजणीतील चूक, मी खूण केली.
खोटं नव्हतं.
काजळीच्या ओळीवर पेन चाललं नाही,
गारठ्याने असेल.

भरती यायला लागली. तिने सूट वर ओढला,
ऑक्टोपसला दोन शिव्या दिल्या आणि निघाली.

वर जाताना मी उगाच पायऱ्या मोजल्या.
त्रेसष्ट.
पाटीवर चौसष्ट लिहिलंय.